अफू सोडा म्हणता, मग कापूस घ्या!



२०२४ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी इंदापूर तालुक्यात पळसदेवजवळच्या माळेवाडीत पोलिसांनी शेतात उभी असलेली अफूची झाडे उपटली. गुन्हे नोंदवले गेले, शेतकऱ्यांना अटक झाली, वर्तमानपत्रांत फोटो छापून आले. बारा वर्षांपूर्वी, २०१२ च्या फेब्रुवारीत, बीड जिल्ह्यात परळी आणि अंबाजोगाई तालुक्यांत असेच घडले होते. तिथे तर क्षेत्र फार मोठे होते. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूर तालुक्यात, गांजाची शेती मोडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. तुरीच्या ओळीत, कपाशीच्या आडोशाला गांजाची झाडे सापडतात. तेव्हा "अफू-गांजा हे काम डोंगरापलीकडच्या कुणाचे, आपल्या जिरायती रानाचा त्याच्याशी काय संबंध" असे म्हणायला आता जागा राहिलेली नाही.

या पिकाची बाजू आम्ही घेत नाही, हे आधीच निक्षून सांगतो. अफूची बोंडे आणि पोस्त शेवटी जातात कुठे? रात्रभर गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरच्या पोटात, हमालाच्या, मजुराच्या पोटात. म्हणजे आपल्याच पोरांच्या पोटात. पण पीक वाईट आहे एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही. शेतकरी तिकडे वळतो कशामुळे, आणि परत आणायचा तर त्याला काय द्यावे लागते, हा खरा प्रश्न आहे. याच प्रश्नावर श्रीमंत देशांनी गेल्या पन्नास वर्षांत अब्जावधी डॉलर ओतले आहेत. त्या पैशाचे काय झाले, हे बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

सापळा कुणासाठी?

प्रथम कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय अफूचे झाड लावणे हाच गुन्हा आहे. "आम्ही तर खसखस पेरली होती" असे म्हणून सुटका होत नाही. खसखस दुकानात मोकळेपणाने मिळते हे खरे, पण खसखशीचे झाड म्हणजेच अफूचे झाड. बी कशासाठी पेरले हे कायदा विचारत नाही, रानात झाड कोणते उभे आहे ते पाहतो. बोंडे आणि काड मिळून ५० किलोच्या वर गेले की ते व्यापारी प्रमाण ठरते. मग शिक्षा १० ते २० वर्षांची, दंड १ ते २ लाखांचा, आणि जामीन मिळणे महाकठीण. गांजाच्या लागवडीलाही १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

जमीन खंडाने किंवा बटाईने दिली म्हणून मालक मोकळा होत नाही. आपल्या जमिनीत असे पीक दिसले तर ताबडतोब कळवणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे कलम ४६ सांगते. कलम ४७ तीच जबाबदारी सरपंच, पंच आणि गावकामगारांवर टाकते. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला पहिली बेडी. बी आणून देणारा, उचल देणारा, माल नेणारा मात्र सातबाऱ्यावर नसतो. पीक गावात सापडते आणि पैसा गावाबाहेर निसटतो. अफूच्या धंद्याची सारी रचनाच अशी आहे.

हा धंदा चालतो का, तर व्यापारी चार गोष्टी करतो. पेरणीआधी रोख उचल देतो. बी देतो. माल रानातून उचलतो. आणि पैसे हातावर टेकवतो. ना आडत, ना तोलाई, ना हमाली, ना "आज खरेदी बंद आहे, परवा या". आपल्या ज्वारीला आणि कापसाला यातली एक तरी गोष्ट मिळते का? राज्यकर्त्यांनी याचे उत्तर द्यावे आणि मगच शेतकऱ्याला नीतीचे पाठ द्यावेत.

अर्थात ही उचल म्हणजे उपकार नव्हेत. अफगाणिस्तानात अफूचा व्यापारी हिवाळ्यात पैसे देतो आणि काढणीच्या वेळी बाजारभावापेक्षा कितीतरी कमी दराने माल वळता करून घेतो. पीक बुडाले तर कर्ज पुढच्या साली चढते. मग फेडायचे कशाने? पुन्हा अफूनेच.

सुप्याने पाहिलेली गोष्ट

ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र जागेवर राहिले. त्यात सरकारने १८६७ मध्ये इंदापूर तालुक्यात फेरआकारणी करून सारा वाढवला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात कुणबी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. कर्जरोखे आणि चोपड्या बाहेर काढून जाळल्या. ते सुपे म्हणजे आज बारामती तालुक्यात असलेले आपले सुपेच. पुढे चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. कायद्याने कोर्टातली बाजू थोडी सावरली, पण शेतमालाच्या भावाचा प्रश्न तसाच राहिला.

परक्याच्या गरजेपोटी भाव चढतो, परक्याच्या पैशावर पीक उभे राहते, आणि परक्याने हात आखडला की शेतकरी उघडा पडतो. तेव्हा ते पीक कापूस होते, आता ते अफू आहे. फरक इतकाच की कापूसवाल्याचे घर लिलावात गेले, अफूवाला स्वतः तुरुंगात जातो.

डॉलर गेले कुठे?

आता परदेशी मदतीची तीन उदाहरणे पाहू.

पहिले तुर्कस्तानचे. तिथे अफू शेकडो वर्षांची. एका जिल्ह्याच्या नावातच अफू आहे: अफ्योन. अमेरिकेत हेरॉइन फार झाले म्हणून अमेरिकेने दबाव आणला, आणि १९७१ मध्ये तुर्की सरकारने पीक बंद करण्याचे जाहीर केले. भरपाई म्हणून अमेरिकेने साडेतीन कोटी डॉलर कबूल केले. पण अफूचे शेतकऱ्याच्या घरात काय काय होते? खसखशीचे तेल खायला, पेंड जनावराला, काड चुलीला. यातले काहीच भरपाईच्या हिशेबात बसत नव्हते. शेतकरी खवळला आणि १९७४ मध्ये नव्या सरकारने बंदी उठवली. मात्र एक अट घातली. बोंडाला चिरे देऊन चीक काढायचा नाही. बोंड वाळवून सरकारी खरेदीला द्यायचे, त्यातून कारखान्यात औषध काढायचे. बोल्वादिनला त्यासाठी कारखाना उभा राहिला. चोरवाट जवळजवळ बंद झाली आणि शेतकऱ्याचे पीकही गेले नाही. आज आपल्या किराणा दुकानातली बरीच खसखस तुर्कस्तानातूनच येते. बंदीने आणि भरपाईने जमले नाही ते हक्काच्या गिऱ्हाइकाने जमले.

दुसरे थायलंडचे. उत्तरेच्या डोंगरात राहणारे आदिवासी अफू पिकवत. १९६९ मध्ये तिथल्या राजाच्या पुढाकाराने काम सुरू झाले, संयुक्त राष्ट्रांचा आणि परदेशांचा पैसा त्यात आला. कॉफी, भाजीपाला, थंड हवेतली फळे लावली गेली. पण नुसती रोपे वाटून ते थांबले नाहीत. डोंगरावर रस्ते नेले, शाळा-दवाखाने काढले, माल उचलायला गाड्या पाठवल्या, प्रक्रिया कारखाने घातले आणि 'दोई खाम' या नावाने माल शहरात विकला. सुरुवातीची कितीतरी वर्षे उभे पीक तोडण्याची घाई केली नाही. आधी दुसरी मिळकत हातात येऊ दिली. या सगळ्याला तीसएक वर्षे लागली. मदत टिकली, कारण गिऱ्हाईक टिकले.

तिसरे अफगाणिस्तानचे, आणि ते कापूस पिकवणाऱ्याने कान देऊन ऐकावे. २००२ पासून अमेरिकेने तिथे अफूविरुद्ध जवळपास ९ अब्ज डॉलर खर्च केले. २००२ मध्ये अफूचे क्षेत्र ७४ हजार हेक्टर होते, २०१७ मध्ये ते ३ लाख २८ हजार हेक्टरवर गेले. पैसा वाढला तसे पीक वाढले! हेलमंड प्रांतात २००८ पासून गव्हाचे बी आणि खत वाटण्याची मोठी योजना आली. दोन-तीन वर्षे अफू घटली आणि २०१३ पर्यंत पुन्हा पूर्वीइतकी झाली. अफूला खुरपणीपासून चिरे देण्यापर्यंत माणसेच माणसे लागतात. गव्हाला लागत नाहीत. म्हणून गहू येताच बटाईदार आणि भूमिहीन उघडे पडले. ते पाटाखालची जमीन सोडून वाळवंटात गेले, कूपनलिका पाडल्या आणि तिथे अफूच लावली.

हेलमंडचा शेतकरी काय मागत होता? तो कापूस मागत होता. कापूस त्याला माहीत होता, लष्करगाहला जुनी जिनिंग होती, वेचणीला माणसे लागतात म्हणून मजुरालाही काम मिळाले असते. कापसाला आधार देणारा भाव द्या, एवढीच त्याची मागणी होती. अमेरिकेच्या मदत खात्याने कापसाच्या भावाला हात लावायला नकार दिला. तोट्यातले पीक, असा शेरा मारला. शिवाय अमेरिकेत १९८६ पासून कायदाच आहे की, अमेरिकन शेतकऱ्याच्या निर्यातीशी स्पर्धा होईल अशा पिकाच्या वाढीसाठी परदेशात मदतीचा पैसा वापरायचा नाही. म्हणजे अफू सोड, पण कापूस लावू नकोस. कारण कापूस आमचा विकायचा आहे! याला मदत म्हणायचे की उंटावरून शेळ्या हाकणे?

शेवट काय झाला? २०२२ मध्ये तालिबान सरकारने बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीप्रमाणे एका वर्षात क्षेत्र २ लाख ३३ हजार हेक्टरवरून १० हजार ८०० हेक्टरवर आले. अफूच्या विक्रीतून शेतकऱ्यांना मिळणारे उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटींवर घसरले. ज्या व्यापाऱ्यांनी माल कोंडून ठेवला होता ते मात्र चढ्या भावाने मालामाल झाले. काठीने पीक जाते हे खरे, पण काठी बसते फक्त पिकवणाऱ्याच्या पाठीवर. अमेरिकेच्या त्या मदत खात्याचे पुढे काय झाले? २०२५ च्या जुलैत अमेरिकेच्या नव्या सरकारने ते बंदच करून टाकले. ज्या देशांत त्याचे कार्यक्रम अर्धवट होते, तिथल्या शेतकऱ्याला कुणी विचारलेही नाही.

परदेशी धान्य आपणही खाल्ले आहे

परदेशी मदत म्हणजे सरसकट लबाडी, असे आमचे म्हणणे नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस बारामतीच्या जिरायती गावांत 'कासा' या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या मदतीने कामाच्या मोबदल्यात धान्य आले. त्या धान्यावर गावकऱ्यांनी राबून पाझर तलाव बांधले. खालच्या विहिरींना पाणी वाढले. त्याच कामाच्या पाठीवर १९७१ मध्ये बारामतीला कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. धान्य खाऊन संपले, तलाव राहिला.

आता दुसरी आठवण. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. जीव वाचला, ते कुणी नाकारत नाही. पण दुष्काळ सरल्यावर मागे काय उरले? ज्या मुलखाची मालदांडी खाऊन पिढ्या वाढल्या, त्या मुलखाला ज्वारी पिकवण्याचे बळ त्या मिलोने दिले नाही. परदेशचे फुकट किंवा स्वस्त धान्य काढणीच्या हंगामात बाजारात आले, तर ते गरिबाच्या ताटात पडण्याआधी शेतकऱ्याच्या भावावर पडते.

मदत पोचायची तर ती पाण्यात, गोदामात, रस्त्यात आणि गिऱ्हाइकात पोचली पाहिजे. पोत्यात आलेली मदत पोते रिकामे झाले की संपते.

एका हाताने दान, दुसऱ्या हाताने कापूस

ज्या देशांकडून ही मदत येते त्यांचा दुसरा हात काय करतो? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतके अनुदान देत आली की त्याने जगातला भाव पडतो म्हणून ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २००५ मध्ये अपिलातही निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन तो वाद मिटवला. ब्राझीलला पैसे मिळाले. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसवाल्याला कुणी काय दिले?

आणि आपले सरकार? २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला. त्याच वर्षी १९ ऑगस्टला, वेचणी तोंडावर असताना, आयात कापसावरचे ११ टक्के शुल्क उठवले गेले आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवली गेली. म्हणजे नेमका आपला कापूस बाजारात येण्याच्या दिवसांत परदेशी कापसाला दार सताड उघडे. मालदांडी ज्वारीचा हमीभाव त्याच वर्षासाठी ३,७४९ रुपये. कागदावर आकडा छान दिसतो. पण तो देणारा काटा खळे मोडायच्या आत गावाजवळ उभा राहत नसेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

यावर काही मित्र म्हणतात, "मध्य प्रदेशासारखा आम्हालाही अफूचा सरकारी परवाना द्या." त्यांनी माळव्याकडे पाहावे. मंदसौर-नीमचला केंद्राच्या अफू खात्याच्या परवान्यावर हे पीक आहे. एका शेतकऱ्याला साधारण १० गुंठे. चीक सरकारलाच द्यायचा, ठरल्याहून कमी भरला तर परवाना जातो. आता चिरे न देता बोंडेच द्यायची, असेही काही परवाने निघाले आहेत. तरीही ६ जून २०१७ रोजी त्याच मंदसौरमध्ये शेतमालाला भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली. ज्या मुलखात अफू कायदेशीर आहे, तिथेही शेतकऱ्याला कांदा-लसूण-सोयाबीनच्या भावासाठी रस्त्यावर यावे लागले. दहा गुंठ्यांच्या परवान्याने शंभर गुंठ्यांचा तोटा भरून निघत नाही.

आपण काय करायचे?

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवतो. त्यावर गावागावात चर्चा व्हावी.

एक. कुणी अनोळखी माणूस फुकट बी, रोख उचल आणि "माल रानातून उचलतो" असे सांगत आला, तर ते गावाच्या कानावर घाला. ग्रामसभेत ठराव करा. जमीन खंडाने दिली असेल तर महिन्यातून एकदा बांधावर फिरून या.

दोन. कुठे असे पीक सापडले तर उपटणाऱ्यांनी उचल कुणी दिली आणि माल कुणाकडे जाणार होता याचा तपास आधी करावा. फक्त सातबारा धरून खटला उभा राहणार असेल, तर पुढच्या साली दुसऱ्या सातबाऱ्यावर तेच पीक दिसेल.

तीन. ज्वारी आणि कापसाची सरकारी खरेदी माल घरात येण्याआधी सुरू झाली पाहिजे. हंगामाच्या तोंडावर आयात खुली करण्याचा खेळ बंद झाला पाहिजे.

चार. जिरायती भागात परदेशी किंवा देशी मदतीची कोणतीही योजना आली, तर पहिला प्रश्न हा विचारा: पिकवलेला माल कोण घेणार, कोणत्या भावाने, किती वर्षे? याचे लेखी उत्तर नसेल तर ती योजना उद्घाटनाच्या फोटोपुरती आहे असे समजा. आणि मदत देणाऱ्या देशाला सांगा की तुमचे अनुदान आवरा, आमचा कापूस आणि ज्वारी सरळ बाजारात उभी राहू द्या. मग तुमची मदत पुष्कळ कमी लागेल.

पेरणीआधी पैसा, रानाजवळ काटा, हातावर रक्कम. ज्या दिवशी एवढे ज्वारीला आणि कापसाला मिळेल, त्या दिवशी अफूचे बी घेऊन आलेल्या माणसाला गावात उभे राहायला बांध सापडणार नाही. जो देश आणि जे सरकार "अफू सोडा" म्हणते, त्याने आमचा कापूस आणि आमची ज्वारी पुऱ्या भावाने घ्यायला यावे. आम्ही वाट पाहत आहोत.